कोणावर गेली ही पोर?

बाळंतिणीच्या खोलीत शिरलेली बाई आधी बाळाचं नाक बघते आणि मग हळूच कानाची पाळी. पाळीवरून पुढे रंग कसा निघणार ते कळतं, अशी आमच्याकडच्या बायकांची ठाम समजूत. माझ्या कानांनी म्हणे पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता. "कोणावर गेली गं ही पोर?" आत्याने विचारलं. आई केतकी, वडील गव्हाळ, थोरला भाऊ तर गोरापान. आईची आई बाळंतपणासाठी शिरूर तालुक्यातून दौंडला येऊन राहिली होती. न्हाणीचं पाणी उतरवता उतरवता ती म्हणाली, "माझ्यावर गेलीया. काय म्हणणं हाय?"

यावर कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. पण पुढे लग्नाचं वय होईपर्यंत डाळीचं पीठ, साय आणि आंबेहळद यांचे प्रयोग माझ्या तोंडावर चालूच राहिले. आमच्या दौंड तालुक्यातून, यवत-वरवंड करत तुकोबांची पालखी जाते. त्या दिवशी आमचं सगळं घर काळ्या विठ्ठलाच्या नावाने बेभान व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्यासाठी पीठ कालवलं जायचं. यात काही विसंगती आहे असं कोणालाही वाटत नसे.

दौंडला मी काळी होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे गेले की नसायचे. ज्वारीच्या रानात आणि कांद्याच्या वाफ्यात जन्म काढलेल्या त्या माणसांत माझ्या रंगाकडे वळून बघायला कोणाला सवडच नव्हती. तिथे मी ‘रेल्वेवाल्याची’ होते, ‘दौंडची’ होते, फार तर ‘भाकरी न येणारी’ होते. पाटस, वरवंड, चौफुला, न्हावरे करत एसटी शिरूरकडे जायची आणि त्या रस्त्यावर कुठेतरी माझा रंग गळून पडायचा. परतीच्या गाडीत तो पुन्हा चढायचा.

पुढे कॉलेजात असताना झोरा नील हर्स्टन या लेखिकेचा १९२८चा एक निबंध वाचायला मिळाला आणि मी चमकले. ती फ्लोरिडातल्या ईटनव्हिल नावाच्या गावात वाढली. हे गाव १८८७ साली काळ्या लोकांनीच वसवलेलं. महापौर काळा, दुकानदार काळा, शिक्षक काळे. तिचा बापही काही काळ तिथला महापौर होता. तेरा वर्षांची असताना तिला शाळेसाठी जॅक्सनव्हिलला पाठवलं. बोटीतून उतरली तेव्हा ती ईटनव्हिलची झोरा राहिली नव्हती, ‘एक काळी मुलगी’ झाली होती. तिच्या अंगात काही बदललं नव्हतं. भोवतालची माणसं बदलली होती.

डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइसची गोष्ट नेमकी उलट्या दिशेने जाते. १८६८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या गोऱ्यांच्या गावात जन्म. शाळेत मुलांनी एकमेकांना भेटकार्डं द्यायचा खेळ काढला. नव्याने आलेल्या एका मुलीने याचं कार्ड घ्यायला नकार दिला, आणि या हुशार पोराला त्या क्षणी कळलं की आपण वेगळे आहोत. मग १८८५ साली तो दक्षिणेत टेनेसीला, फिस्क विद्यापीठात शिकायला गेला. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या रंगाच्या शेकडो तरुण-तरुणींत बसला. आता मात्र काळं असणं हे अंगावर फेकलेलं काही राहिलं नाही. गाणी, चर्च, आज्यांच्या आठवणी, एकमेकांना सावरून घेण्याची रीत असं भरलेलं घर झालं. एका मुलीने त्याला काळा ठरवलं होतं आणि एका समाजाने त्याला काळा म्हणून वाढवलं. या दोन गोष्टी अगदी निराळ्या आहेत.

इथे एक सांगून टाकते. माझा सावळेपणा आणि त्यांचं काळेपण एका तागडीत घालायचा माझा इरादा नाही. तसे लेख मी वाचले आहेत आणि मला त्यांचा कंटाळा आहे. माझा रंग हा फार तर लग्न जुळवणाऱ्यांचा विषय होता. माझ्या पणजोबांना कोणी बाजारात उभं केलं नव्हतं, आणि कोणत्या डब्यात बसायचं हे मला कायद्याने सांगितलं नव्हतं. पण आत्याचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कोणावर गेली ही पोर? आपण रक्तावर जातो, की वाढवणाऱ्यांवर? आणि या प्रश्नाची उत्तरं, नवल म्हणजे, मला दौंड-शिरूरच्या रस्त्यावरच सापडत गेली.

सुरुवात दौंडपासूनच. हा पूर्वीचा भीमथडी तालुका. घोड्यांसाठी प्रसिद्ध, पुढे रेल्वेने दौंडचं जंक्शन केलं. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्या इथे यायच्या, इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं, आणि गाडी आली त्याच बाजूला तोंड करून निघायची. रेल्वे कॉलनीत देशभरची माणसं. त्यांत अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन. आमच्या ओळीपलीकडच्या एका घरात बहीण दुधासारखी आणि भाऊ माझ्याहून काळा होता. नाताळात दोघंही आम्हाला केक द्यायला येत. त्या भावाला कोणी काळा म्हटल्याचं मला आठवत नाही. तो ‘साहेबाच्या घरचा’ होता. बोलणं इंग्रजी, जेवण टेबलावर, रविवारी चर्च. रंगाला तिथे कोणी विचारत नव्हतं.

आपल्या राज्यघटनेत, अनुच्छेद ३६६च्या दुसऱ्या कलमात, अँग्लो-इंडियन कोण याची व्याख्या आहे. बाप किंवा बापाकडचा कोणीही पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा असला आणि कुटुंब भारतात स्थायिक असलं की झालं. कातडीचा उल्लेखच नाही. बापाच्या बाजूचा गोऱ्या रक्ताचा एक धागा मिळाला, तर माणूस वेगळ्या समाजाचा. अमेरिकेत याच्या बरोबर उलट नियम होता. व्हर्जिनिया राज्याने १९२४ साली कायदा करून ठरवलं की आफ्रिकी रक्ताचा अंश सापडेल तो काळा, मग दिसायला तो कितीही गोरा असो. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला बंदी घालणारं त्यातलं कलम १९६७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. म्हणजे दौंडच्या त्या भावंडांसारखी दोघं व्हर्जिनियातल्या काळ्या घरात जन्मली असती तर दोघंही काळी ठरली असती, दुधासारखी बहीणसुद्धा. रंगाचं एवढं राजकारण आणि त्यात रंगालाच किंमत नाही!

अशा गोऱ्या दिसणाऱ्या काळ्यांपैकी काही जण शहर बदलून, घरच्यांना तोडून गोरे म्हणून जगले. नेला लार्सनने १९२९ साली त्यावर कादंबरी लिहिली. आपल्याकडे बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा १९६३ साली पुस्तकात आली, आणि तिच्यातला नायक रेल्वेच्या नोकरीवर जातो, हा काही योगायोग नव्हे. रेल्वे कॉलनी ही जात चोरायला सोयीची जागा. सगळेच परगावचे, कोणाची वाडी-वस्ती कोणाला ठाऊक नाही. पण आमच्या कॉलनीतल्या काकू नव्या बिऱ्हाडाकडे पहिल्या दिवशी विरजण मागायला जात, ते काही दही लावायचं राहिलं म्हणून नव्हे. आडनाव, गाव, कुलदैवत, लग्नात काय करता. पंधरा मिनिटांत सगळं कळायचं. चोरी पकडायचं काम बायकांकडे असे आणि त्या ते चोख करत.

चौफुल्याला रस्ता फुटतो. एका बाजूला केडगाव. आमच्याकडे ‘केडगावला पाठवून देईन’ ही लहान मुलींना द्यायची धमकी होती. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे म्हणून. मोठं झाल्यावर कळलं की ती धमकी ज्या बाईच्या नावाने दिली जायची, त्या बाईने या तालुक्यात बसून साऱ्या जगाशी नातं जोडलं होतं.

रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला, आणि दोन वर्षांवर तिथे राहिल्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक काढलं. त्यात अमेरिकेची स्तुती भरपूर आहे, तिथल्या बायकांच्या संघटना, शाळा, सगळ्यांची. पण ही बाई भारावून डोळे मिटणारी नव्हती. गुलामगिरी, तिच्याविरुद्धची चळवळ आणि गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही उरलेला वर्णद्वेष यांबद्दल त्या मराठी वाचकाला स्पष्ट सांगतात. त्या प्रवासात त्यांची भेट हॅरिएट टबमनशी झाली होती. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेली, १८४९ साली पळून गेलेली आणि मग पुनःपुन्हा मागे वळून सत्तरेक माणसांना सोडवून आणणारी ही बाई. चिपळूणकर-टिळकांच्या पुण्यातली विद्वान विधवा आणि ती. दोघी एकमेकींशी काय बोलल्या असतील याची कल्पना करण्यात माझे अनेक एसटी प्रवास गेले आहेत.

रमाबाईंनाही कोणत्या कप्प्यात ठेवायचं हे कोणाला उमगलं नाही. जन्म ब्राह्मणाचा, पण वाढल्या त्या तीर्थक्षेत्रांच्या वाटांवर, पुराणं सांगणाऱ्या आईबापांबरोबर. दुष्काळात आईबाप गेले. लग्न केलं ते बंगाली कायस्थ वकिलाशी. दोन वर्षांतच वैधव्य. इंग्लंडात जाऊन १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मणांना त्या धर्म सोडलेल्या वाटत, मिशनऱ्यांना हट्टी हिंदू वाटत. कोणत्याच अंगणात पूर्ण न मावणाऱ्या या बाईने मग स्वतःच एक अंगण केलं.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली घेऊन आल्या आणि केडगावच्या माळरानावर वस्ती उभी राहिली. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. तेव्हा मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. नाना जातींच्या, नाना बोलींच्या पोरी. फार लहानपणी आईबाप गेलेल्या पोरीला कसली जात आणि कसलं कुलदैवत ठाऊक असणार? फ्रेडरिक डग्लस या गुलामीतून निसटलेल्या थोर माणसालाही आपली जन्मतारीख माहीत नव्हती, त्याने मग १४ फेब्रुवारी हा दिवस आपला म्हणून धरला. केडगावच्या पोरींनीही पंक्तीत शेजारी बसलेल्या मुलीला बहीण धरलं. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतरही याच छापखान्यात छापलं गेलं. आसपासच्या गावांत या मुलींची ओळख एकच: ‘मुक्तीची’.

आणखी एक धागा. १९०५ साली मुक्तीत प्रार्थनेची एक विलक्षण लाट आली, मुली रडत, मोठ्याने एकदम प्रार्थना करत. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर तशीच लाट उठली. तिचा पुढारी होता विल्यम सीमोर, मुक्त झालेल्या गुलामांचा मुलगा. जगभरच्या पेंटेकॉस्टल पंथाचा इतिहास लिहिणारे आज ही दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिहितात. मला स्वतःला त्या प्रार्थनांपेक्षा दुसरीच गोष्ट हलवते. दुष्काळात टाकून दिलेल्या पोरी आणि गुलामांची लेकरं, दोघांनीही मोठ्याने बोलायची जागा आधी स्वतःच बांधून घेतली.

आता थोडा रस्ता सोडून रेल्वेने जाते. दौंडहून निघणारी मनमाडची लाइन १८७८ साली सुरू झाली. मनमाडला गाडी बदलली की नाशिक. नाशिककरांना शरणपूर रोड म्हणजे दुकानं, दवाखाने, वाहनांची कोंडी. पण हे नाव ज्या वस्तीचं, ती चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने १८५४ साली वसवली होती, आणि तिथे काही काळ आफ्रिकी मुलांची वसाहत होती. अरबी समुद्रातल्या गुलामांच्या गलबतांवर इंग्रजी आरमार छापे घाले. सुटलेली पोरं मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली काही नाशिकला पाठवली जात. याओ जमातीचं, न्यासा सरोवराकडचं एखादं पोर, ज्याला आपल्या आईचा चेहराही धड आठवत नाही, ते गोदावरीकाठी सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी आणि बायबल शिकत वाढायचं. नाव मिळायचं इंग्रजी.

आफ्रिका धुंडाळणारा डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबईला आला तेव्हा आफ्रिकेच्या शेवटच्या मोहिमेसाठी त्याने शरणपूरची नऊ मुलं बरोबर घेतली. ‘नासिक बॉइज’. कल्पना अशी की आफ्रिकी रक्ताची पोरं, आफ्रिकेत गेली की आपोआप घरी पोचल्यासारखी वागतील. तसं झालं नाही. लिव्हिंग्स्टनच्या दैनंदिनीत त्यांच्याविषयी तक्रारीच तक्रारी आहेत. मला त्या पोरांची बाजू कळते. ज्या मातीत पाऊल ठेवलं ती त्यांची म्हणून सांगितली जात होती, पण त्यांना वाढवलं होतं नाशिकने.

नंतरच्या तुकडीत त्याच शाळेतला जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ला लिव्हिंग्स्टन मेला तेव्हा जेकबने दफनाची प्रार्थना वाचली, झाडावर नाव कोरलं, आणि चुमा, सुसी या सोबत्यांबरोबर ते शव महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत आणलं. १८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यसंस्कार झाला तेव्हा खांदा देणाऱ्यांत जेकब होता. चुमाही मुंबईच्या डॉ. विल्सन यांच्या शाळेत शिकला होता. इंग्रजी पुस्तकांत या सगळ्यांचा उल्लेख निष्ठावान सेवक असा येतो. मला ते महाराष्ट्रात वाढलेली मुलं म्हणून दिसतात, आणि आपल्या शाळांच्या पुस्तकांत त्यांना एक ओळही मिळालेली नाही याचा राग येतो.

पुढे १८७५च्या सुमारास मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांची वस्ती झाली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावाने फ्रियर टाउन. शरणपूरची मंडळी तिथे शिक्षक, कारागीर, धर्मोपदेशक म्हणून गेली. काही पाद्री झाले. आणि तिथल्या लोकांनी, मिशनऱ्यांनी त्यांना काय म्हणावं? ‘बॉम्बे आफ्रिकन्स’. नाशिकमध्ये ते आफ्रिकी होते, आफ्रिकेत ते मुंबईचे झाले. रंग दोन्हीकडे तोच. त्यांनी तिथेही आपला वेगळा मेळ धरला, एकमेकांत लग्नं केली, आणि गोरे पाद्री कमी लेखू लागले तेव्हा एकजुटीने भांडलेसुद्धा. त्यांतला मॅथ्यू वेलिंग्टन १९३५पर्यंत मोंबासात जगला.

पुन्हा आपल्या रस्त्यावर येते. न्हावरं मागे पडलं, घोडगंगा कारखान्याचा धूर आणि मळीचा वास मागे पडला, की शिरूरच्या अलीकडे कर्डे गाव. १८७४च्या डिसेंबरात इथे एका सावकाराने हुकूमनामा मिळवून देशमुखाचं घर पाडायला घेतलं आणि गाव पेटलं. न्हाव्याने सावकाराची हजामत बंद केली, परटाने कपडे, कोणी पाणी भरेना. पुढच्या मे महिन्यात भीमथडीतल्या सुप्याला दंगा झाला आणि कर्जरोखे जळू लागले; आपल्या इतिहासात तो दख्खनचा दंगा. त्याची मुळं अनेक, १८६७नंतर वाढवलेला सारा हे एक मोठं. पण आणखी एक मूळ अटलांटिकपलीकडचं आहे. १८६१ ते ६५ अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी माजली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. कापूस न पिकवणाऱ्या आमच्या कोरड्या तालुक्यांतही पैसा खेळला, सावकार सढळ हाताने देऊ लागले. युद्ध संपलं, तिकडे चाळीस लाख माणसं मोकळी झाली, इकडे भाव कोसळले आणि कर्ज मात्र उभंच राहिलं. जॉर्जियातल्या मजुराच्या बेड्या आणि कर्ड्यातल्या कुळाचा कर्जरोखा एकाच बाजाराने बांधले होते.

अमेरिकेतली ती यादवी आणि दख्खनचा दंगा यांच्या मधल्या काळात, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केली ज्यांनी काळ्या गुलामांना सोडवण्यात औदार्य दाखवलं. अर्पणपत्रिकेत एवढं लांबचं नातं जोडणारं पुस्तक त्या काळी दुसरं कुठलं? जोतीरावांनी रंगाच्या साम्यावर नातं जोडलं नाही, अनुभवाच्या साम्यावर जोडलं.

शिरूर ही इंग्रजांची जुनी छावणी. गावाला घोडनदीही म्हणतात. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण इथूनच पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी याच तालुक्यातल्या कोरेगावाशी पेशव्यांच्या फौजेसमोर आली. तिच्यात महार शिपाई होते. त्यांतल्या पडलेल्यांची नावं भीमेपलीकडच्या पेरण्याच्या स्तंभावर आहेत. शतकभर तो स्तंभ इंग्रजांच्या विजयाचा होता. १ जानेवारी १९२७ला डॉ. आंबेडकर तिथे आले आणि तो दुसऱ्याच कोणाचा तरी झाला. दगड एक इंचही हलला नाही. आज लाखो माणसं तिथे लेकरांना खांद्यावर घेऊन येतात, नावं वाचून दाखवतात. ‘आपण कोण’ हे त्या लेकरांना कसं कळतं, याचं मी पाहिलेलं सर्वांत धडधडीत उदाहरण हेच.

आंबेडकर १९१३ ते १६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेम तिथून हाकेच्या अंतरावर. १९४६ साली त्यांनी ज्यांना पत्र लिहिलं ते ड्यु बॉइसच, ग्रेट बॅरिंग्टनचा तो कार्ड नाकारलेला मुलगा. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत आंबेडकरांनी मागितली, आणि ड्यु बॉइसनी आस्थेने उत्तर दिलं. मग म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि मराठी दलित लेखकांना काळ्यांच्या साहित्याची वाट दाखवू लागले. १९७२ साली मुंबईत पोरांनी संघटना काढली, तर नाव घेतलं ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. ही उसनवारी नव्हती. ज्याला जगाने हीन म्हणून वाढवलं, त्याला तोच शब्द छाती काढून उच्चारायला शिकवणारा समाज लागतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शिरूरचा पूल ओलांडला की घोड नदीच्या पलीकडे नगर (आता अहिल्यानगर) जिल्हा सुरू होतो, म्हणजे निजामशाहीचा मुलूख, म्हणजे मलिक अंबर. इथिओपियात १५४८च्या सुमारास जन्मलेलं हे पोर विकलं गेलं, हात बदलत बदलत दख्खनला आलं. त्याला विकत घेतलं ते निजामशाहीच्या पेशव्याने, चंगीझखानाने. आणि तो पेशवाही हबशीच. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पोराला गुलाम म्हणून घेणाऱ्या घरात धनीही त्याच्याच रंगाचा होता, त्याच्याच वाटेने वर आला होता. काळा माणूस कुठवर जाऊ शकतो हे अंबरला घरातच रोज दिसत होतं. पुढे त्याने मराठा सरदारांना हाताशी धरून मुघलांना जेरीस आणलं, खडकी वसवलं, तिथे नहर आणली, जमिनीची मोजणी केली. मलिकंबरी धाऱ्याचं नाव जुन्या दप्तरांत कितीतरी काळ चाललं. १६२४ला नगरजवळ भातवडीला त्याने जी लढाई जिंकली तिच्यात शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. जहांगीर बादशहाला तो काही हरवता आला नाही. मग आपल्या आठवणींत त्याने अंबरला काळ्या तोंडावरून शिव्या दिल्या, आणि अबुल हसन या चितारीकडून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्र काढून घेतलं. मुघल दरबाराला अंबर काळा होता. दख्खनला तो दख्खनी होता.

हेच उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दींना बघून पुन्हा जाणवतं. गोव्यातल्या पोर्तुगीजांकडून पळालेल्या गुलामांचे हे वंशज. ज्या धन्यांच्या आसऱ्याने ते राहिले त्यांच्यासारखे झाले, कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान. घरात कोकणी, बाजारात कन्नड, मराठीही बोलतात. १९८७ साली क्रीडा प्राधिकरणाने त्यांच्या पोरांना उचलून प्रशिक्षणाला नेलं. आफ्रिकी रक्त आहे, पदकं येतीलच, हा हिशोब. काही वर्षांत योजना गुंडाळली. रक्तावर जाणाऱ्यांचा हिशोब असाच चुकतो. २००३ साली कर्नाटकाच्या अनुसूचित जमातींत त्यांचा समावेश झाला, आणि २०२० साली त्यांच्यातला एक जण, शांताराम सिद्दी, पहिल्यांदा तिथल्या विधान परिषदेत बसला.

आपल्या पोरांना मात्र सिद्दी म्हटलं की फक्त जंजिरा आठवतो आणि शत्रू आठवतो. सिद्दी हिलाल शिवाजी महाराजांच्या बाजूने लढला हे पुस्तकात असूनही कोणी सांगत नाही. पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलांना भाड्याने खोली मिळता मिळत नाही, ती मुलं वस्तीतून जाताना मागून काय काय हाका येतात, हे मी ऐकलं आहे. त्या हाका मारणारी पोरं कोणावर गेली, हे विचारायला हवं. ती आपल्यावरच गेली आहेत.

औरंगजेबाच्या कबरीसाठी खुलताबादला जाणारे आणि तिच्यावरून भांडणारे खूप आहेत. त्याच गावात मलिक अंबरचा मकबरा आहे, त्याची बायको बीबी करीमा हिचाही आहे. वेरूळच्या सहलीला पोरांना घेऊन जाल, तेव्हा अर्धा तास जास्त ठेवा, गाडी तिकडे वळवा, आणि हा कोण होता ते त्यांना तुम्हीच सांगा.